पकडलेल्या सैनिकाला शिक्षा कोण देतं, आणि कधी?

फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले आणि १ मार्चला परत आले. एप्रिल २०२५ मध्ये सीमा सुरक्षा दलाचा एक जवान सीमेपलीकडे पकडला गेला; तो १४ मेला अटारीमार्गे परतला. अशी बातमी आली की नागपुरात ती नुसती बातमी राहत नाही. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे, वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, आणि कुणाचा मुलगा, कुणाचा जावई फौजेत आहे. मग प्रश्न सुरू होतात. त्याच्यावर तिथे खटला चालेल का? आपण कसाबला थेट लष्करी कोर्टात का उभं केलं नाही? शत्रूच्या सैनिकाची एवढी बडदास्त कशाला?

उत्तरं शोधताना एक नियम पुन्हा पुन्हा आडवा येतो. आपण आपल्या सैनिकावर ज्या न्यायालयात आणि ज्या रीतीनं खटला चालवतो, त्याच न्यायालयात आणि त्याच रीतीनं शत्रूच्या सैनिकावरही चालवावा लागतो. म्हणून युद्धकैद्यांचा विषय समजून घ्यायचा तर आपलं स्वतःचं कोर्ट मार्शल, म्हणजे लष्कराचं न्यायालयही, समजून घ्यावं लागतं.

## कैद म्हणजे शिक्षा नव्हे

कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर जाऊन बसतो. त्यानं गुन्हा केलेला नसतो. त्याला खेळातून बाजूला ठेवायचं असतं, एवढंच. त्यानं चढाई केली, पकड केली, जोर लावला, तो खेळच होता. पण खेळताना त्यानं कुणाला चाकू मारला असेल, तर बाद होण्यानं ते प्रकरण मिटत नाही. त्याचा जाब वेगळा द्यावा लागतो.

युद्धकैद्याचं असंच आहे. लढाईत समोरच्या सैनिकावर गोळी झाडणं हा त्याचा गुन्हा नाही. त्याबद्दल त्याच्यावर खुनाचा खटला भरता येत नाही. त्याला अडकवून ठेवायचं ते पुन्हा लढायला जाऊ नये म्हणून. प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडायचं. खटला उभा राहतो तो वेगळ्या कृत्यांसाठी: निःशस्त्र नागरिकाला मारणं, बलात्कार, शरण आलेल्याला ठार करणं, छावणीत असताना खून करणं.

हे सगळं १२ ऑगस्ट १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात लिहिलेलं आहे. त्यात १४३ कलमं आहेत. भारत त्यात १९५० मध्ये सामील झाला, पाकिस्तान १९५१ मध्ये. आपल्या संसदेनं त्यासाठी १९६० चा जिनिव्हा करार कायदा केला. युद्ध रीतसर जाहीर झालं पाहिजे अशी अटही करारात नाही. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की तो लागू होतो. म्हणून कारगिलला लागू होता आणि २०१९ लाही.

## युद्धकैदी कोण, कोण नाही

शत्रूच्या नियमित सैन्यातला माणूस पकडला गेला की तो युद्धकैदी. सैन्याबरोबर अधिकृतपणे असलेले युद्धवार्ताहर, माल पुरवणारे कंत्राटी लोक, विमानाचे नागरी कर्मचारी यांनाही तो दर्जा मिळतो. सैन्याबाहेरच्या सशस्त्र गटाला मिळवायचा असेल तर चार अटी आहेत: जबाबदार प्रमुख, दुरून ओळखू येणारी खूण, उघडपणे बाळगलेली शस्त्रं आणि युद्धाच्या नियमांचं पालन. शंका असेल तर सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत त्याला युद्धकैद्यासारखंच वागवायचं. पकडणाऱ्या तुकडीनं जागेवरच ‘हा कैदी नाही’ असं ठरवून टाकायचं नाही.

अजमल कसाब यांतल्या कशातच बसत नव्हता. त्यानं साध्या कपड्यांत, नागरिकांत मिसळून नागरिकांनाच मारलं. शिवाय आपल्याकडे कोर्ट मार्शल फक्त लष्करी कायद्याखाली येणाऱ्या माणसांवर चालतं. म्हणून त्याच्यावर मुंबईच्या विशेष सत्र न्यायालयात खटला चालला, अपील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली. लष्करी कोर्टात हे लवकर आटोपलं असतं, असं अजूनही बोललं जातं. पण तिथे खटला चालवायला कायद्याचा आधारच नव्हता. आणि खुल्या न्यायालयात पुरावा तपासला गेल्यामुळे त्या निकालाकडे जगात कुणाला बोट दाखवता आलं नाही, याचं मोल मला मोठं वाटतं.

कुलभूषण जाधव यांचं प्रकरण तिसऱ्याच प्रकारचं. पाकिस्ताननं त्यांना २०१६ मध्ये शांतता काळात पकडलं, हेरगिरीचा आरोप ठेवला आणि एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या फील्ड जनरल कोर्ट मार्शलनं फाशी सुनावली. ते युद्धकैदी नाहीत. त्यामुळे भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो जिनिव्हा करार घेऊन नव्हे, तर १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं कलम ३६ घेऊन: परदेशात अटक झालेल्याला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देण्याचा हक्क. १७ जुलै २०१९ च्या निकालात पाकिस्ताननं तो हक्क मोडल्याचं न्यायालयानं म्हटलं, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करायला सांगितलं आणि तोवर फाशी देऊ नये असं बजावलं.

## पकडल्यापासून छावणीपर्यंत

पहिली पायरी झडती. शस्त्रं, नकाशे, लष्करी कागदपत्रं काढून घ्यायची. हेल्मेट, कपडे, ताटवाटी, हुद्द्याच्या खुणा, पदकं आणि भावनिक किमतीच्या वस्तू त्याच्याकडेच राहतात. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानं, रकमेची नोंद करून आणि पावती देऊन.

दुसरी पायरी चौकशी. कैद्यानं चारच गोष्टी सांगणं बंधनकारक आहे: नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्य क्रमांक. बाकी काहीही विचारायला बंदी नाही. उत्तर काढायला मारहाण, धमकी, अपमान यांना बंदी आहे. ज्याला मार पडतो तो मार थांबवण्यासाठी काहीही बोलतो, म्हणून अशी माहिती लढाईतही कुचकामी ठरते.

तिसरी पायरी मागे नेणं. लढाईच्या पट्ट्यातून शक्य तितक्या लवकर, अन्न, पाणी आणि औषधोपचार देत. कैद्यांवरचे अत्याचार बहुतेक याच टप्प्यात होतात. नुकतेच साथीदार गमावलेले सैनिक, अंधार, आणि वर नोंद ठेवणारा कुणी नाही. उपायही इथेच आहे: नोंद लगेच करणं, जबाबदारी एका अधिकाऱ्याच्या नावावर टाकणं आणि कैद्याला पुढच्या फळीतून झटपट हलवणं.

मग छावणी. तिचा प्रमुख नियमित सैन्यातला अधिकारीच हवा. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहासारख्या तुरुंगात युद्धकैदी ठेवता येत नाहीत. अपवाद फक्त त्यांच्याच हिताचा असेल तर. राहण्याची जागा त्याच भागात ठेवलेल्या आपल्या सैनिकांइतकी बरी असावी लागते. वजन घटणार नाही एवढं आणि त्यांच्या सवयीचं जेवण, महिन्यातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी आणि त्यात वजनाची नोंद. वजन हा मुद्दाम घातलेला मुद्दा आहे. उपासमार झाली की नाही, हे तक्त्यावरून कुणालाही तपासता येतं. कराराची प्रत कैद्यांच्या भाषेत, त्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लावायची असते.

कामही देता येतं, पण हुद्द्यानुसार. साध्या जवानाला शेती, बांधकाम, छावणीची देखभाल अशी कामं. हवालदार दर्जाच्यांना फक्त देखरेख. अधिकाऱ्यांना सक्ती नाही. सुरुंग काढण्यासारखं धोक्याचं काम त्यानं स्वतःहून होकार दिल्याशिवाय नाही.

## नियम मोडला की लगेच कोर्ट मार्शल?

नाही. करार दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: शिस्तभंग आणि गुन्हा. शिस्तभंगाची शिक्षा छावणी प्रमुख देऊ शकतो आणि तिच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पगारातून जास्तीत जास्त निम्मी कपात, तीही तीस दिवसांपुरती, जादा सवलती बंद, रोज दोन तासांपर्यंत श्रमाचं काम, किंवा कोठडी. कुठलीही शिक्षा तीस दिवसांच्या वर नाही. कोठडीतही रोज किमान दोन तास मोकळ्या हवेत सोडावं लागतं. एकाच्या चुकीसाठी सगळ्या बराकीला शिक्षा करायला बंदी आहे.

वाचकांना सगळ्यात जास्त खटकतं ते पळून जाण्याबद्दलचं. कैद्यानं पळायचा प्रयत्न केला आणि पकडला गेला तर फक्त शिस्तभंगाची शिक्षा, कितव्यांदा पळाला तरी. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटे कागद केले, तरी तेवढंच. आणि पळून आपल्या सैन्यात पोहोचला, नंतर पुन्हा पकडला गेला, तर आधीच्या पळण्याबद्दल काहीच नाही. परत आपल्या पलटणीत जाण्याची धडपड हे सैनिकाचं कर्तव्य मानलं जातं, म्हणून कायदा त्याला गुन्हा ठरवत नाही. पळताना पहारेकऱ्याचा जीव घेतला, तर मात्र ते थेट न्यायालयात जातं.

## आपलं कोर्ट मार्शल कसं चालतं

१९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये कोर्ट मार्शलचे चार प्रकार आहेत.

सर्वांत मोठं जनरल कोर्ट मार्शल. किमान पाच अधिकारी, प्रत्येकाची निदान तीन वर्षं सेवा, आणि त्यांतले किमान चार कॅप्टन किंवा त्यावरचे. कुणावरही खटला, कुठलीही शिक्षा, फाशीसुद्धा. सोबत जज ॲडव्होकेट हवाच. हा लष्कराच्या विधी शाखेतला अधिकारी कायदा काय म्हणतो ते सांगतो, पण मत देत नाही. डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शलमध्ये किमान तीन अधिकारी बसतात. अधिकारी आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांच्यावर तिथे खटला चालत नाही, कैद दोन वर्षांपर्यंतच. समरी जनरल कोर्ट मार्शल हे प्रामुख्यानं प्रत्यक्ष मोहिमेवर असतानाचं, तीन अधिकाऱ्यांचं, पण शिक्षेचे अधिकार जनरल कोर्ट मार्शलइतकेच. चौथं समरी कोर्ट मार्शल: कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायाधीश. तो लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, खालचा असेल तर तीन महिने.

खटल्याआधीची पायरी लोकांना फारशी माहीत नसते आणि खटले कोसळतात ते बहुधा तिथेच. कमांडिंग ऑफिसरनं आरोपीसमोर आरोप ऐकायचा असतो. आरोपीला साक्षीदारांना उलट प्रश्न विचारू द्यायचे असतात. त्यानंतर साक्षी लेखी नोंदवल्या जातात. ही पायरी घाईत उरकली, आरोपीला प्रश्न विचारू दिले नाहीत, तर पुढचा सगळा डोलारा अपिलाच्या न्यायाधिकरणात टिकत नाही. गुन्हा घडल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत खटला सुरू व्हावा लागतो. पळून जाण्यासारख्या काही गुन्ह्यांना ही मुदत लागू नाही.

खटल्यात आरोपीला पहिल्यांदा विचारतात: समोर बसलेल्या एखाद्या अधिकाऱ्याबद्दल हरकत आहे का? शेवटी मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्य आधी बोलतो, म्हणजे वरिष्ठाकडे बघून कुणी मत बदलू नये. समसमान मतं पडली तर निकाल आरोपीच्या बाजूनं. फाशीसाठी जनरल कोर्ट मार्शलमध्ये किमान दोन तृतीयांश सदस्य हवेत, समरी जनरलमध्ये एकमत.

एवढं होऊनही निकाल लगेच लागू होत नाही. समरी कोर्ट मार्शल सोडलं तर वरच्या अधिकाऱ्यानं त्याला पुष्टी द्यावी लागते. १९४५ च्या लाल किल्ल्यावरच्या आझाद हिंद सेनेच्या खटल्यात हीच पायरी निर्णायक ठरली. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ यांना कोर्ट मार्शलनं जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. देश पेटलेला पाहून सरसेनापती ऑचिनलेक यांनी पुष्टी देताना ती माफ केली. बडतर्फी आणि थकीत पगाराची जप्ती तेवढी कायम ठेवली.

## शत्रूचा सैनिक त्याच कोर्टापुढे

आता जिनिव्हा कराराचं कलम १०२ आणि त्याच्या आसपासची कलमं. पकडलेल्या सैनिकाला दिलेली शिक्षा वैध ठरते ती आपल्या सैनिकासाठी असलेल्याच न्यायालयानं, त्याच पद्धतीनं दिली असेल तरच. लष्करी न्यायालय हा सर्वसाधारण नियम. पण ज्या देशात स्वतःचे सैनिकही नागरी न्यायालयात जातात, तिथे कैदीही तिथेच. २०२२ मध्ये एका नि:शस्त्र वृद्धाला मारल्याबद्दल वादिम शिशिमारिन या रशियन सैनिकावर कीव्हच्या साध्या न्यायालयात खटला चालला तो म्हणूनच.

शिवाय कैद्यासाठी काही जादा आधार आहेत, कारण तो परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे, एकटा उभा असतो. खटल्याच्या किमान तीन आठवडे आधी त्रयस्थ देशाला कळवायचं. हा देश दोन्ही बाजूंच्या संमतीनं कैद्यांच्या हितावर लक्ष ठेवतो. वकील कैद्याच्या पसंतीचा. त्याला तयारीला किमान दोन आठवडे. दुभाषा आणि सोबतीला एक कैदी साथीदार. खटल्याआधीची कोठडी तीन महिन्यांच्या वर नाही. फाशी झाली तर त्रयस्थ देशाला सविस्तर कळवल्यानंतर सहा महिने अंमल करता येत नाही. यांतली सूचना आणि वकिलाची तरतूद आपल्या १९६० च्या कायद्यातही आहे.

आणि दोषी ठरला तरी त्याचा युद्धकैद्याचा दर्जा जात नाही.

## ‘मग आपल्याच कोर्टात खोट असेल तर?’

हा आक्षेप खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. समरी कोर्ट मार्शलमध्ये ज्या अधिकाऱ्यानं चौकशी केली, तोच न्यायाधीश होतो. आरोपीला मदतीला एक मित्र मिळतो, पण तो साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही. अशानं पलटणीत शिस्त झटपट राखता येते, हा बचावही खोटा नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की हा मार्ग अपवादाचा आहे. तातडीची कारवाई खरोखर गरजेची असेल तेव्हाच वापरायचा. निकालाची कारणं लिहिण्याचं बंधन कोर्ट मार्शलवर नाही, असं १९९० मध्ये घटनापीठानं म्हटलं. कारणांशिवाय निकाल म्हणजे अपिलात चाचपडणं.

अपिलाची वाट तर फार उशिरा उघडली. १९८२ मध्ये पृथीपालसिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अपिलाची सोय नसल्याबद्दल नाराजी नोंदवली होती. कायदा झाला २००७ मध्ये आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झालं. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उच्च न्यायालयाचा रिट अधिकार (म्हणजे थेट याचिकेवर आदेश देण्याचा अधिकार) शाबूत असल्याचं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, म्हणजे योग्य प्रकरणात सिव्हिल लाइन्समधलं नागपूर खंडपीठही दाद घेऊ शकतं.

या सुधारणा फक्त आपल्या जवानांच्या सोयीपुरत्या नाहीत. जे कोर्ट आपण शत्रूच्या सैनिकापुढे ठेवणार, ते हेच आहे. उद्या आपल्या पायलटवर परदेशात कारणं न देता, वकिलाशिवाय निकाल लागला, तर आपण हरकत घेताना आपलं स्वतःचं कोर्ट किती भक्कम आहे, हेच पहिलं विचारलं जाईल.

## ‘एवढी बडदास्त कशाला?’

१६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात सही झालेल्या शरणागतीच्या दस्तऐवजात लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरांनी लेखी हमी दिली होती: शरण येणाऱ्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानानं वागवलं जाईल. सुमारे ९३,००० लोक, त्यांत काही नागरिक, आपल्या ताब्यात आले. शरण गेलो तर मारणार नाहीत, हा भरवसा असेल तरच वेढ्यातलं सैन्य शस्त्र खाली ठेवतं. नाहीतर ते शेवटच्या गोळीपर्यंत लढतं आणि त्यात आपलेही जवान जातात.

मग गुन्हा केलेले त्यात सुटून गेले का? बांगलादेशनं १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचं ठरवलं होतं. पाकिस्ताननं मे १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षअखेर प्रकरण मागे घेतलं. एप्रिल १९७४ च्या तीन देशांच्या करारात बांगलादेशनं ते खटले सोडून दिले आणि उरलेले कैदी परतले. जिनिव्हा कराराचा अडसर नव्हता. ज्याच्यावर फौजदारी खटला बाकी आहे त्याला थांबवून ठेवण्याची मुभा कलम ११९ देतं. तो राजकीय निर्णय होता. बांगलादेशातल्या बळी कुटुंबांवर तो अन्याय होता, असं माझं मत आहे.

## समोरचा पाळत नसेल तर?

कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांचे पाच साथीदार छळाच्या खुणा अंगावर घेऊन परत आले. १९७१ च्या आसपास बेपत्ता झालेल्या आणि पाकिस्तानच्या कैदेत असल्याचं मानल्या गेलेल्या ५४ जणांची यादी आपल्या सरकारकडे आहे, पाकिस्तान नाकारतो. हे सोसलेल्या घरांना ‘तुम्ही नियम पाळा’ हे सांगणं सोपं नाही. तरी कैद्यांवर सूड उगवायला करारात सरसकट बंदी आहे, समोरच्यानं काहीही केलं तरी.

उपाय आहेत, पण मंद आहेत. कैद्याचा खून, छळ किंवा त्याला न्याय्य खटल्यापासून वंचित ठेवणं हे गंभीर उल्लंघन ठरतं. अशा गुन्हेगाराला कुठल्याही सदस्य देशानं पकडून खटला चालवायचा किंवा दुसऱ्या देशाच्या हवाली करायचं. आपल्या १९६० च्या कायद्यात हेतुपुरस्सर हत्येला फाशी किंवा जन्मठेप, इतर गंभीर उल्लंघनांना चौदा वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र सरकारनं तक्रार केल्याशिवाय न्यायालयाला दखल घेता येत नाही. पीडिताच्या घरच्यांना स्वतः दार ठोठावता येत नाही, ही तरतूद बदलायला हवी.

## व्हिडिओ आणि घरचे

कैद्याला लोकांच्या कुतूहलाची वस्तू बनवायला जिनिव्हा कराराचं कलम १३ मनाई करतं. २०१९ मध्ये जखमी अभिनंदन यांचे व्हिडिओ पसरले तेव्हा भारतानं याच आधारावर निषेध केला. बंधन सरकारवर आहे, पण क्लिप गटागटांत फिरवणारे आपणही असतो. चेहरा, तुकडी, गावाचं नाव, घरच्यांचे फोन नंबर फिरले की चौकशी करणाऱ्याच्या हाती आयतं साहित्य जातं. आपला असो वा त्यांचा, बांधलेल्या सैनिकाचा व्हिडिओ आला तर पुढे पाठवू नये.

कुटुंबाला काय मिळायला हवं? छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला एक कार्ड लिहू द्यावं लागतं: मी कुठे आहे, तब्येत कशी आहे. एक प्रत घरी, एक जिनिव्हातल्या रेड क्रॉसच्या केंद्रीय संस्थेकडे. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना छावणीत जाऊन साक्षीदाराशिवाय कैद्याशी बोलता यायला हवं. काटोल-उमरेडकडच्या एखाद्या घरानं अशा वेळी अनोळखी फोनवरून येणाऱ्या ‘सोडवून देतो’च्या गोष्टींना भुलू नये. संपर्काची खरी ठिकाणं दोनच: मुलाच्या रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस (गार्ड्सचं कामठीतच आहे) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. जाताना सैन्य क्रमांक, हुद्दा, पलटण, शेवटच्या संपर्काची तारीख आणि आलेल्या प्रत्येक पत्राची झेरॉक्स सोबत न्यावी, आणि दिलेल्या अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा.